आधी लगीन की आधी विमान?

 

आजचं बोलणं परदेशातल्या सोयरिकीचं आहे. पूर्वी पोरगी मुंबईला दिली तरी लांब दिली असं वाटायचं. आता अमेरिकेतलं स्थळ येतं. कुठे मुलगा आपल्याच भागातला, पण तिकडचा नागरिक झालेला. कुठे मुलीनंच शिकताना किंवा नोकरी करताना तिथला जोडीदार निवडलेला. मग घरात बैठक बसते. देणंघेणं, मानपान, हॉल, जेवणावळ, सगळं बोलून होतं. एकच गोष्ट बोलायची राहते. आपली पोरगी तिकडे कोणत्या कागदावर जाणार?

अमेरिकेच्या नागरिकाशी लग्न ठरलं तर दोन वाटा असतात. पहिली वाट लग्नाआधी जायची. नियोजित वधू म्हणून व्हिसा मिळतो आणि तिकडे उतरल्यापासून ९० दिवसांत लग्न लावायचं असतं. दुसरी वाट लग्नानंतर जायची. आधी लग्न, मग बायको म्हणून व्हिसा. या दोन वाटा कशा पडल्या ते आज आम्ही सांगणार आहोत. ही गोष्ट ऐकल्यावर तुमच्या लक्षात येईल की यातल्या बऱ्याच अटींमागे बायकांनी सोसलेलं काही ना काही आहे.

सुरुवात आपल्याच माणसापासून करू. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली नवऱ्याला मागे ठेवून बोटीनं अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांना व्हिसा लागला नाही. तेव्हा इकडून जाणाऱ्याला तसा कागद लागतच नव्हता. पण चिनी लोकांवर बंदी घालणारे कायदे तोवर अमेरिकेत झालेले होते. पुढे १९१७ साली आशियाच्या मोठ्या पट्ट्यातून येणाऱ्या लोकांना दार बंद झालं. त्या पट्ट्यात आपला देशही होता.

तिथल्या बायकांचं तरी बरं होतं का? तेही ऐका. १९०७ साली अमेरिकेत कायदा झाला की तिथल्या बाईनं परदेशी माणसाशी लग्न केलं तर तिचं नागरिकत्व जाणार. बाईचा देश तोच, जो नवऱ्याचा. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या एथेल मॅकेन्झी यांनी एका स्कॉटिश गायकाशी लग्न केलं. त्या मतदार यादीत नाव घालायला गेल्या, तेव्हा त्यांना नकार मिळाला. गावही सोडलं नव्हतं, आणि तरी परक्या ठरल्या! त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या, पण १९१५ साली हरल्या. १९२२ साली कायदा थोडा सैल झाला. तरी नवरा आशियाई असेल, तर बाईचं नागरिकत्व १९३१ पर्यंत जातच राहिलं.

त्याच काळात जपानमधून फोटोवर लग्न झालेल्या मुली अमेरिकेला जात होत्या. १९०७-०८ मध्ये दोन्ही सरकारांत समजुतीनं ठरलं की जपाननं मजुरांना पासपोर्ट द्यायचे नाहीत. मात्र तिकडे आधीच असलेल्या मजुरांच्या बायकांना जाता येईल. मग इकडचा फोटो तिकडे, तिकडचा इकडे, मध्यस्थानं जुळवायचं, आणि जपानमध्ये नवऱ्याच्या कुटुंबाच्या दप्तरात मुलीचं नाव चढवायचं. नवरदेव हजर नसला तरी लग्न झालं! मुली बोटीनं सॅन फ्रान्सिस्कोला पोचायच्या. तिथल्या एंजल आयलंड बेटावर त्यांची तपासणी व्हायची. हातात फोटो धरून त्या नवऱ्याला शोधायच्या. कित्येकींना कळायचं की फोटो दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा आहे. परत जायला पैसा नाही, भाषा येत नाही, आणि कागदावर आपण त्याच माणसाची बायको. बहुतेकींनी तो संसार केला आणि शेतात राबून मुलं वाढवली. १९२० मध्ये जपाननं अशा वधूंना पासपोर्ट देणं थांबवलं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. लग्न इकडे झालं म्हणून तिकडे ते खरं धरलं जाईलच असं नाही. त्या जपानी मुलींचं लग्न अमेरिकी अधिकारी बरीच वर्षं मानत नव्हते. उतरल्यावर त्यांना पुन्हा लग्न लावावं लागायचं.

आता दुसऱ्या महायुद्धाकडे येऊ. अमेरिकेचे सैनिक परदेशात होते. इंग्लंड, फ्रान्स, इटली अशा देशांत त्यांनी लग्नं केली. युद्ध संपलं, सैनिक घरी गेले आणि बायका मागे राहिल्या. म्हणून डिसेंबर १९४५ मध्ये सैनिकांच्या बायकामुलांना सोपेपणानं येऊ देणारा कायदा झाला. १९४६ च्या जानेवारीत इंग्लंडच्या साउदम्प्टन बंदरातून अशा वधूंना घेऊन ‘अर्जेंटिना’ नावाची बोट निघाली आणि फेब्रुवारीत न्यूयॉर्कला लागली.

पण ज्यांचं लग्न ठरलं होतं आणि झालं नव्हतं, त्या मुलींचं काय? त्यांच्यासाठी जून १९४६ मध्ये वेगळा कायदा आला. तीन महिन्यांसाठी या, तेवढ्यात लग्न करा आणि राहा. लग्न झालं नाही तर परत जा. आज जी ९० दिवसांची अट आहे, तिचं मूळ इथे सापडतं.

हे दार मात्र सगळ्यांना सारखं उघडं नव्हतं. जपानी बायकोला तिच्या वंशामुळे आधी येता येईना. १९४७ मध्ये थोड्या मुदतीची सवलत मिळाली आणि १९५२ मध्ये ती वंशाची आडकाठी कायद्यातून गेली. आपल्या देशाचं म्हणाल, तर जुलै १९४६ च्या कायद्यानं वर्षाला फक्त १०० माणसांची जागा ठरवून दिली होती.

सैनिकांसाठीचे कायदे मुदतीचे होते, ते संपले. पुढे व्हिएतनामच्या युद्धाच्या काळात, १९७० साली, नियोजित वधू किंवा वरासाठी कायमचा व्हिसा सुरू झाला. त्याला के-वन म्हणतात. अशा रीतीनं दोन वाटा पक्क्या झाल्या.

मग १९८६ साल आलं. सरकारी खात्यानं संसदेपुढे सांगितलं की व्हिसासाठीच्या लग्नांतली ३० टक्के लग्नं खोटी असतात. पुढे त्या आकड्याचा पायाच कच्चा निघाला, पण तोवर कायदा होऊन गेला होता. त्यातल्या तीन गोष्टी आजही लागू आहेत. एक, के-वनसाठी अर्ज करण्याआधीच्या दोन वर्षांत मुलगा-मुलगी प्रत्यक्ष भेटलेली हवीत. रूढीमुळे भेट होत नसेल तर सूट मागता येते, पण तसं पटवून द्यावं लागतं. दोन, के-वनवर गेलेल्या मुलीला ज्यानं अर्ज केला त्याच माणसाशी लग्न करून राहता येतं, दुसऱ्याशी केलं तर नाही. तीन, लग्नाला दोन वर्षं झाली नसतील, तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचंच मिळतं. ते पुढे पक्कं करायला नवरा-बायको दोघांनी मिळून अर्ज करायचा.

दोघांनी मिळून! म्हणजे नवऱ्याची सही लागणार. विचार करा, नवरा मारतो, कोंडतो, आणि वर म्हणतो, “सही करणार नाही, जा परत.” कायद्यात काही सुटी होत्या, पण अपुऱ्या. अशा बायकांच्या बाजूनं संघटना उभ्या राहिल्या. १९९० मध्ये नियम बदलला. मार खाणाऱ्या बाईला नवऱ्याच्या सहीशिवाय कार्ड पक्कं करायची मुभा मिळाली. १९९४ च्या कायद्यानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. नवरा अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल आणि छळ करत असेल, तर बाई स्वतःचा अर्ज स्वतः, त्याला न कळवता करू शकते.

तरी सगळ्या वाचल्या नाहीत. १९९५ साली सिअॅटलच्या न्यायालयाच्या इमारतीत सुसाना ब्लॅकवेल या फिलिपिनी बाईला तिच्या नवऱ्यानं गोळ्या घालून मारलं. लग्न जुळवणाऱ्या जाहिरातीतून दोघांची ओळख झाली होती. अशा घटनांनंतर एक कायदा झाला. त्यावर जानेवारी २००६ मध्ये सही झाली. आता के-वनसाठी अर्ज करणाऱ्याला हिंसेचे आणि इतर काही ठरावीक गुन्हे लपवता येत नाहीत. ती माहिती व्हिसाच्या मुलाखतीत मुलीला सांगितली जाते. तिच्या हक्कांची पुस्तिकाही तिला द्यावी लागते. पोरींनो, ती पुस्तिका वाचा आणि मुलाखतीत मोकळेपणानं विचारा.

आता दोन वाटांची तुलना करू.

के-वनवर गेलेल्या मुलीला लग्न झाल्यावर तिथे राहण्यासाठी दुसरा अर्ज करावा लागतो, त्याची वेगळी फी भरावी लागते. कामाची परवानगी हातात येईपर्यंत पगाराची नोकरी करता येत नाही. अर्ज चालू असताना आई आजारी पडली आणि परवानगी न घेता ती गावी आली, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. म्हणजे सुरुवातीचे महिने पैसा, प्रवास, सगळं नवऱ्यावर. आणि तिथे पोचल्यावर लग्नच झालं नाही, तर परत यावं लागतं. छळ झालेल्या बायकोसाठीचा तो १९९४ चा आधारही लग्न झालेलं नसेल तर लागू होत नाही.

लग्न करून बायको म्हणून गेलं, तर कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत इकडे थांबावं लागतं. हे थांबणं जड जातं, नव्या नवरीला तर फारच. पण विमानातून उतरली की ती तिथली कायम रहिवासी असते. नोकरी करता येते, गावी येऊन परत जाता येतं. व्हिसावर तिथे पोचेपर्यंत लग्नाला दोन वर्षं झाली असतील, तर कार्ड पहिल्यापासून दहा वर्षांचं मिळतं.

आपल्याकडे घोटाळा होतो तो असा. के-वनचा अर्ज टाकलेला असतो, आणि घरचे म्हणतात, पोरगा आलाच आहे तर अक्षता टाकून घेऊ. सप्तपदी होते, फोटो निघतात. आपल्या हिंदू विवाह कायद्यात विधी पूर्ण झाले की लग्न झालं, नोंदणी नंतरची. मग ती मुलगी नियोजित वधू राहिली कुठे? व्हिसा नाकारला जाऊ शकतो. साखरपुडा करायला हरकत नाही. पण लग्न आणि के-वन, दोन्ही एकाच वेळी चालत नाही. आधी लगीन की आधी विमान, हे अर्ज भरण्याआधीच ठरवा.

के-वन फक्त नागरिकाच्या नियोजित वधूला मिळतो. मुलाकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल तर ही वाट नाही. लग्न करूनच अर्ज करायचा, आणि वर्षाच्या ठरलेल्या जागांमुळे रांगही लागते. आपल्या बऱ्याच मुली तर तिसऱ्याच वाटेनं जातात. नवरा नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर, आणि बायको त्याच्यामागे एच-फोरवर. त्यावर २०१५ पर्यंत बायकोला नोकरी करता येत नव्हती. त्या वर्षापासून काहींना ती मुभा मिळाली, सगळ्यांना नाही. नवऱ्याची नोकरी गेली किंवा घटस्फोट झाला, की तिचा आधारही जातो.

म्हणून आम्ही सांगतो, स्थळ आलं की सरळ विचारा. मुलगा नागरिक आहे, ग्रीन कार्डवाला आहे, की नोकरीच्या व्हिसावर? कोणत्या व्हिसाचा अर्ज करणार? अर्जाची प्रत मुलीजवळ राहील का? असं विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. जमीन घेताना आपण सातबारा बघतोच ना?

लग्न इकडे केलं तर नोंदणी लगेच करा. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंद सक्तीची करावी असं सांगितलं. महाराष्ट्रात १९९८ चा कायदा आहेच. गावात हे काम ग्रामपंचायतीत होतं. परक्या धर्माच्या जोडीदाराशी लग्न करायचं तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. मुलगा पंधरा दिवसांच्या सुट्टीवर येणार असेल, तर हा हिशेब आधीच करा.

पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला मुलीनं स्वतःजवळ ठेवावा, प्रती माहेरी ठेवाव्यात. परदेशातल्या नवऱ्यानं टाकलं किंवा छळलं, तर दिल्लीच्या राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून त्यासाठी वेगळा कक्ष आहे. तिथे तक्रार करता येते. व्हिसाचे नियम आणि फी बदलत असतात, म्हणून अर्जाच्या वेळी अमेरिकी दूतावासाची ताजी माहिती बघा. एजंटाच्या तोंडी शब्दावर राहू नका.

दोन्ही वाटांनी गेलेल्या मुलींचे संसार सुखाचे झालेले आहेत. के-वन वाईट आणि दुसरी वाट चांगली, असं आम्ही म्हणत नाही. पण आपलं तिथलं राहणं कुणाच्या सहीवर आणि किती दिवस अवलंबून आहे, हे मुलीला निघण्याआधी माहीत हवं. येत्या बैठकीत गटात हा विषय काढा. ज्या घरात असं स्थळ आलंय, त्या घरच्या मुलीला मुद्दाम बोलवा.