कळवायचं कुणी?

आत्याच्या गोष्टींत तारखा नसतात. "लावणी आटपली होती", "गणपती नुकतेच उठले होते", "तुझा बाप तेव्हा हायस्कुलात जायला लागला होता", असा तिचा हिशेब. काकूंच्या मळ्याचा दावा ती अशीच सांगते. काकू म्हणजे माझ्या आजोबांची काकू. तरुणपणी विधवा झालेली, मूलबाळ नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी तिच्या वाटणीला भाताचा एक मळा आला होता आणि तो पिढ्यान्‌पिढ्या कसत होतं खालच्या वाडीतलं एक कुणबी घर. झोडणी झाली की खंडाचं भात काकूंच्या पडवीत यायचं, काकू पायलीने मोजून घ्यायच्या, पावती कधी कुणी मागितली नाही की कुणी दिली नाही.

कोकणात जमिनीचं भांडण घरोघर. चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली 1933 ते 1939 शेतं ओसाड टाकली, खोतांपुढे वाकले नाहीत. 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती मोडण्याचं विधेयक मुंबईच्या विधानसभेत मांडलं. खोती प्रत्यक्षात गेली ती स्वातंत्र्यानंतर. कुळकायदा 1948 चा, पण त्याला खरी धार आली 1956 च्या दुरुस्तीने. 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी जो दुसऱ्याची जमीन कूळ म्हणून कसत होता, तो तिचा खरेदीदार मानला गेला. जमीनदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि हरले.

या कायद्याने दिवाणी कोर्टाला बाजूला ठेवलं. निवाडा करायचा शेतजमीन न्यायाधिकरणाने, म्हणजे व्यवहारात मामलेदाराने. सकाळी तगाईची वसुली बघणारा माणूस दुपारी न्यायाधीश. त्यावर पुष्कळांनी नाकं मुरडली. मला मात्र या न्यायाधिकरणाची एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते. 'बत्तीस ग'ची नोटीस ते आपण होऊन काढायचं. कुळाला बोलावून विचारायचं, जमीन घेणार की नाही? किंमत आकाराच्या वीस ते दोनशे पटींच्या आत ठरवायची, हप्ते पाडून द्यायचे. कुळाने जमीन सोडल्याचा राजीनामा मालकाने पुढे केला, तर तो कुळाने राजीखुशीने दिला का, याची मामलेदाराने खातरजमा करायची. गावात अंगठे कसे उठवले जातात हे कायदा करणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं.

पण काकूंच्या मळ्यापुरता हा सगळा शहाणपणा थांबला होता. मालक विधवा असेल, अज्ञान असेल किंवा अपंग असेल, तर खरेदी पुढे ढकललेली. विधवा वारल्यावर तिच्या वारसाला एक वर्ष, त्याला स्वतः कसायची असेल तर जमीन मागण्यासाठी. ते वर्ष उलटलं की पुढच्या एका वर्षात कुळाने मालकाला आणि न्यायाधिकरणाला कळवायचं की मी घेतो. कळवलं नाही तर हक्क गेला. एरवी सरकार कुळाच्या दारात नोटीस घेऊन येत होतं. इथे मात्र ज्याला सही करता येत नाही त्याने कलम 32 फ वाचून दोन वर्षांची मुदत मोजायची होती.

काकू गेल्या तेव्हा भर पाऊस होता. आत्या तेव्हा परकर-पोलक्यातली. तिला आठवतं ते असं, की बाराव्यानंतर तालुक्याच्या कचेरीत उठबस असलेला एक सोयरा जेवायला थांबला, आणि हात धुता धुता आजोबांना म्हणाला, "बोलू नका. दोन वर्षं जाऊ द्यात." आजोबा बोलले नाहीत. त्या वर्षी भात आलं, त्यांनी मोजून घेतलं. पुढच्या वर्षी आलं, तेही घेतलं. कुळाने काय समजायचं? काकूंच्या जागी दादा, म्हणजे आजोबा, आले, इतकंच. तिसऱ्या वर्षी आजोबांनी मळा परत मिळावा म्हणून अर्ज टाकला.

त्या सुनावणीतल्या कुळाच्या जबाबाची नक्कल आमच्या ट्रंकेत आहे. कारकुनाचं गिचमिड अक्षर, वर कोर्ट फीचं तिकीट, खाली 'वाचून दाखविले, बरोबर आहे', आणि त्याखाली डाव्या हाताचा अंगठा, शाई जास्त झाल्याने फाकलेला. मजकूर सातआठ ओळींचा. बाई मयत झाल्याचे मला माहीत आहे. मी हजर होतो. सरणाची लाकडे मीच फोडली. त्यानंतर दोन साल खंड दिला. पावती नाही. नोटीस द्यावी लागते हे मला कोणी सांगितले नाही.

सरणाची लाकडं फोडल्याचं म्हाताऱ्याने का सांगितलं असेल? बहुधा या घराशी आपलं नातं काय ते साहेबांना कळावं म्हणून. निकालात ते त्याच्याच विरुद्ध गेलं. मृत्यूची माहिती होती, मुदतीत नोटीस नाही, सबब खरेदीचा हक्क संपला. आजोबा जिंकले. त्यांनी कायदा मोडला नव्हता. गप्प बसण्याला त्या कायद्यात कुठे गैरवर्तन म्हटलं नव्हतं. प्रांताकडे अपील झालं, ते गेलं. महसूल न्यायाधिकरणापर्यंत जायला म्हाताऱ्याकडे पैसा नव्हता आणि मुलगा गिरणीत लागला होता.

1969 मध्ये याच कलमात दुरुस्ती झाली. अज्ञान मालक सज्ञान झाला की त्याने कुळाला तसं कळवावं, असं त्यात आलं. विधवेच्या वारसाचं नाव त्यात आलं नाही. का नाही, हे मला कळत नाही. माणूस सज्ञान झाल्याचं कुळाला कळत नाही आणि मरणाचं कळतं, असा काही हिशेब असावा. मरण कळतंच, पण त्या दिवसापासून मुदत धावायला लागते हे कळत नाही. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मुदत चुकलेल्या कुळाला दिलासा दिला नव्हता. शेवटी 2019 च्या सप्टेंबरात तिथल्याच तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की विधवेचा हक्क संपल्याचं तिच्या वारसाने कुळाला कळवलं पाहिजे. म्हणजे आजोबांनी.

तो निकाल मी आत्याला वाचून दाखवला. "दादा काही वाईट नव्हते रे," म्हणाली, आणि मग जरा वेळाने, "पण भात घ्यायला नको होतं."

म्हाताऱ्याचा नातू विरारला असतो, मे महिन्यात गावी येतो. त्याला सांगायला गेलो तर निकाल त्याला आधीच माहीत. वकिलालाही विचारून झालं होतं. इतक्या वर्षांपूर्वी संपलेलं प्रकरण पुन्हा उकरता येत नाही, असं उत्तर मिळालं होतं. मळ्यात आता आमची कलमं आहेत. तो म्हणाला, "मळ्याचं राहू दे. माझ्या काजूत जायची वाट तुमच्या बांधावरनं आहे, ती तेवढी लिहून दे."

आत्या ओट्यावरून ऐकत होती. "लिहून कशाला रे? जा की खुशाल. कोण अडवतंय तुला?"

"नको आत्या," तो म्हणाला, "लिहूनच द्या. आणि सातबाराच्या इतर हक्कात नोंद घालू."

तलाठी सोमवारी सजावर असतो. आम्ही दोघं जाणार आहोत.