न खेळतां हरलेला

शेंदूरजनाघाटाकडे संत्र्याचा मृग बहार धरावा कीं आंबिया, हें कास्तकार ठरवितो. पाऊस आणि भाव मात्र त्याच्या हातीं नसतात. कर्ज काढून बहार धरणाऱ्या या माणसास जुगारी म्हणावें काय?

जुगारी आपल्या करणीनें बुडतो, असें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. परंतु महाभारतांतील द्यूताचें मर्म युधिष्ठिराच्या व्यसनाइतकेंच द्रौपदीच्या प्रश्नांतही आहे: जो स्वतःसच हरला, त्यास मला पणास लावण्याचा अधिकार कोठला?

वऱ्हाडच्या कापसानें हाच प्रश्न पुनः उभा केला. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत (१८६१–६५) कापसाचे भाव चढले आणि युद्ध सरतांच कोसळले. पुढें न्यूयॉर्कहून तारेनें येणाऱ्या कापसाच्या भावांवर मुंबईंत आंकड्यांचा जुगार चालूं लागला. त्यांतूनच 'मटका' निघाला. आंकडा लावणारा स्वखुशीनें खेळे. त्याच भावावर ज्याचें वर्षाचें पोट, त्या कास्तकारास कोणी विचारिलेंच नव्हतें.

बाबूराव पेंटर यांच्या 'सावकारी पाश' (१९२५) या मूकपटांतील शेतकरी असाच न खेळतां हरतो. व्ही. शांताराम यांनीं रंगविलेला हा तरुण सावकाराच्या कपटानें जमीन गमावून शहरांत गिरणीकामगार होतो. १९३६ सालीं पेंटरांनीं ही कथा बोलपटांत पुनः सांगितली.

ज्यास डावावरून उठण्याची मोकळीक आहे, त्याच्याच नीतीची परीक्षा करावी. द्रौपदीच्या प्रश्नाचा निर्णय भीष्मांसही देतां आला नाहीं. जुगाराच्या कथा रचणाऱ्यांनीं निदान तो प्रश्न विसरूं नये, एवढेंच आमचें म्हणणें.