विकास-संच, हँडहेल्ड गेम कन्सोलचे : तपासणी आणि देखभाल

हातात धरून खेळायचे गेम कन्सोल बाजारात येण्याआधी आणि नंतरही त्याच्या निर्मात्या कंपनीकडून खेळ तयार करणाऱ्या स्टुडिओंना जी खास यंत्रे दिली जातात त्यांना विकास-संच किंवा रूढ बोलीत डेव्ह किट म्हणतात. यांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला, प्रोग्रॅमरच्या संगणकाला जोडून चालणारा मोठा संच : यात खेळ चालू असताना मध्येच थांबवता येतो आणि मेमरीत काय चालले आहे ते पाहता येते. दुसरा, चाचणी-संच : दिसायला जवळजवळ विक्रीच्या यंत्रासारखा, पण अप्रमाणित प्रतीही चालवून घेणारा. तिसरा प्रकार म्हणजे नमुना-यंत्रे आणि नमुना-कार्ट्रिज. यांतल्या बोर्डावर अजून फेरफार चालू असतात, काही जोड हाताने केलेले असतात. निंटेंडो डीएससाठी क्योटोच्या इंटेलिजंट सिस्टिम्सने बनवलेला आयएस-नायट्रो-इम्युलेटर किंवा सोनीच्या पीएसपीसाठीचा डीटीपी-टी1000 पाहिला तर हे हातातले यंत्र आहे असे वाटतच नाही. टी1000 हा टेबलावरच्या संगणकाएवढा खोका आहे आणि पीएसपीच्या आकाराचा भाग त्याला केबलने जोडलेला असतो.

या संचांच्या देखभालीचा विचार बहुतेक वेळा दुरुस्तीपासून सुरू होतो : यंत्र चालत नाही, ते चालते करा. ही सुरुवातच चुकीची आहे, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे. विक्रीच्या यंत्राची तपासणी आणि विकास-संचाची तपासणी यांचे हेतू परस्परविरोधी असतात. कारखान्यातला तपासनीस समोरचा बोर्ड मूळ आराखड्याशी जुळतो का हे पाहतो. जुळत नसेल तो दोष. विकास-संचात आराखड्याशी न जुळणारी गोष्टच बहुधा सर्वांत मोलाची असते. एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंत ओढलेली हिरवी तार, कापून तोडलेला तांब्याचा मार्ग, एका चिपच्या जागी बसवलेली वेगळ्या क्षमतेची चिप, कव्हरच्या आत पेन्सिलने लिहिलेला क्रमांक या सगळ्यांतून त्या यंत्राचा आराखडा कोणत्या टप्प्यावर होता आणि कोणती चूक कशी सुधारली हे कळते. तार नीटनेटकी करणारा किंवा ‘चुकीची’ चिप बदलणारा कारागीर कितीही कुशल असला तरी एक नोंद पुसत असतो.

या संदर्भात म्हैसूरचे उदाहरण उद्बोधक आहे, कारण यासाठी लागणारी तपासणीची आणि जतनाची दोन्ही कौशल्ये या एका शहराच्या परिसरात नांदतात. मेटगळ्ळी भागातली, 1988 मध्ये स्थापन झालेली केन्स टेक्नॉलॉजी इलेक्ट्रॉनिक बोर्डांची जुळणी करते, तर नंजनगूडला ऑस्ट्रियाच्या एटी अँड एस कंपनीचा छापील सर्किट बोर्डांचा कारखाना आहे. अशा उद्योगांत भिंगाखाली सोल्डरचा एकेक सांधा पाहणे, कॅमेऱ्याने स्वयंचलित तपासणी करणे, चिपखाली लपलेले सांधे क्ष-किरणांनी पाहणे हे रोजचे काम असते. आयपीसी-ए-610 या मानकाने सांध्याची स्वीकारार्हता ठरते आणि त्यात उपकरणांचे तीन वर्ग केलेले आहेत. त्याच शहरात ओरिएंटल रिसर्च इन्स्टिट्यूटचा ताडपत्रांचा संग्रह आहे आणि लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळेची प्रादेशिक शाखाही आहे. जुन्या वस्तूंच्या जतनात उपचार कमीत कमी करावा, केलेला उपचार पुन्हा काढता यावा आणि प्रत्येक हस्तक्षेपाची नोंद ठेवावी, असा दंडक आहे. विकास-संच तपासताना नजर कारखान्यातल्या तपासनिसाची हवी आणि निर्णय संरक्षकाचा. मानकातही जोडतारांना जागा आहे, मग विरोध कुठे राहिला, असे कोणी म्हणेल. पण मानक तार व्यवस्थित बसवली आहे का एवढेच विचारते. ती कोणी, कोणत्या चुकीसाठी टाकली हे विचारणे त्याच्या कक्षेत येत नाही.

हा फरक प्रत्यक्षात कसा दिसतो हे नमुना-कार्ट्रिजवरून चांगले समजते. 1989 च्या गेम बॉयच्या काळात खेळाची अपुरी आवृत्ती ईपीरॉम चिपमध्ये भरून स्टुडिओत फिरवली जाई. या चिपच्या माथ्यावर क्वार्ट्झची छोटी खिडकी असते आणि तिच्यातून अतिनील प्रकाश पाडला की आतला मजकूर पुसला जातो. उत्पादकांच्या माहितीपत्रकांनुसार थेट उन्हात साधारण आठवडाभरात आणि ट्यूबलाइटखाली सुमारे 3 वर्षांत चिप पुसली जाऊ शकते. म्हणूनच खिडकीवर एक कागदी किंवा धातूच्या पत्र्याचे लेबल चिकटवलेले असते आणि त्यावर बहुधा हाताने तारीख, आवृत्ती, कधी चाचणी करणाऱ्या गटाचे नाव लिहिलेले असते. जुना गोंद सुकून लेबल सुटायला आलेले असते. साफसफाई म्हणून कोणी ते सोलले तर हस्ताक्षर आणि मजकूर दोन्ही एकाच वेळी धोक्यात येतात. योग्य क्रम असा : आधी चारही बाजूंनी छायाचित्र, मग लेबल न हलवता वरून अपारदर्शक आच्छादन, मग चिप रीडरवर किमान तीन वेळा वाचून तिन्ही वाचनांचे चेकसम जुळतात का हे पाहणे. जुळले नाहीत तर चिपमधला विद्युतभार क्षीण होत आहे असे समजावे आणि पुरवठ्याचा दाब किंचित बदलून पुन्हा वाचावे. चिपवर पुन्हा लिहून ती ‘ताजी’ करण्याचा मोह मात्र टाळावा. जिथे खेळाची प्रगती बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत साठवलेली असते तिथे 3 व्होल्टची नाणेबॅटरी काढली की ती प्रगती जाते. चाचणी करणाऱ्याने शेवटी कुठे सोडले हे त्यातच असते. म्हणून आधी ती मेमरी वाचून ठेवावी, आणि बॅटरी बदलताना पर्यायी पुरवठा जोडलेला असावा.

तरीही ‘काहीही करू नका’ हा या तत्त्वाचा अर्थ नाही. विकास-संचात काही भाग असे असतात की त्यांना हात न लावणे म्हणजेच त्यांचा नाश करणे. अल्कलाइन बॅटरी गळली की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येते आणि कप्प्यातल्या स्प्रिंगपासून बोर्डापर्यंत सरकत जाते. ते सौम्य आम्लाने, म्हणजे पातळ केलेल्या व्हिनेगरने किंवा सायट्रिक आम्लाने निष्प्रभ करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे लागते. 1990 च्या सेगा गेम गिअरमध्ये आणि त्या काळच्या अनेक यंत्रांत बोर्डाच्या पृष्ठभागावर बसवलेले अॅल्युमिनियमचे कपॅसिटर गळतात. त्यांतला द्रव तांब्याचे मार्ग खातो आणि सोल्डर निस्तेज करतो, आणि तापवल्यावर माशासारखा वास येतो. असे कपॅसिटर राखून ठेवण्यात काही अर्थ नाही. त्यांची जागा, मूल्य, दिशा आणि उत्पादकाची खूण नोंदवून ते काढावेत, निघालेला भाग लेबल लावून पिशवीत त्याच संचासोबत ठेवावा. लिथियम-आयन बॅटरी फुगली असेल तर तिला दाबू नये, चार्ज करू नये, कुरिअरने पाठवू नये. इथेही घाई महागात पडते. पीएसपीच्या सेवाकेंद्रांत वापरली जाणारी एक बॅटरी बाहेरून नेहमीच्या बॅटरीसारखीच दिसे, पण तिच्या आतल्या छोट्या मेमरीत विशिष्ट अनुक्रमांक भरलेला असल्यामुळे यंत्र थेट सेवा-अवस्थेत सुरू होई. ती साधी बॅटरी समजून टाकून दिली की संचाचा एक अवयव गेला. म्हणून काढण्याआधी शंका घेणे आणि लिहून ठेवणे हे इथेही सुटत नाही.

पडद्यांचे आजार वेगळे आहेत. जुन्या एलसीडीवरचा ध्रुवक पातळ थर सुटतो, डागाळतो. गेम बॉयच्या पडद्यावर उभ्या रेषा नाहीशा होतात त्या काचेला जोडलेल्या लवचिक पट्टीचा चिकट सांधा सैल झाल्याने, आणि तो सांधा काळजीपूर्वक गरम केला की बहुधा परत येतात. हा उपचार करावा, पण नवा चमकदार पडदा बसवू नये. रबरासारखा मऊ लेप दिलेली आवरणे दमट हवेत चिकट होतात. असा लेप अल्कोहोलने पुसून काढणे सोपे असले तरी त्यासोबत त्याच्यावरची छपाईही जाते.

सर्वांत जोरदार आक्षेप असा घेतला जातो की न चालणारे यंत्र हा नुसता ठोकळा आहे. ते चालवून पाहिल्याशिवाय त्याच्याविषयी काही कळतच नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. 2015 मध्ये अमेरिकेत उजेडात आलेले निंटेंडो आणि सोनी यांच्या फिसकटलेल्या भागीदारीतले नमुना-यंत्र हातातले नव्हे, घरगुती कन्सोल होते, पण उदाहरण म्हणून ते इथे लागू पडते. त्याचा सीडी ड्राइव्ह आधी निकामी होता. बेन हेक या अभियंत्याने नंतर तो दुरुस्त केला आणि यंत्राची रचना उलगडली, ती या दुरुस्तीमुळेच. 2020 मध्ये ते यंत्र लिलावात 3,60,000 डॉलरला गेले. मात्र ती दुरुस्ती कॅमेऱ्यासमोर, एकेक पायरी दाखवत झाली, म्हणून तिचा उपयोग झाला. तीच दुरुस्ती मुकाट्याने केली असती तर दुरुस्तीआधी यंत्रात काय होते हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला असता. तेव्हा प्रश्न दुरुस्ती करावी की नाही हा नाहीच. दुरुस्तीचा नंबर तपासणीनंतर लागतो, एवढेच म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे : चिपमधला मजकूर एकदा संगणकात उतरवून घेतला की यंत्राची गरज उरत नाही. याचे उत्तर म्हैसूरच्याच इतिहासात मिळते. कौटिलीय अर्थशास्त्राचे ताडपत्री हस्तलिखित 1905 मध्ये तंजावर भागातल्या एका पंडिताकडून म्हैसूरच्या ओरिएंटल लायब्ररीत, म्हणजे आजच्या ओरिएंटल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये आले. आर. शामशास्त्री यांनी 1909 मध्ये संस्कृत पाठ छापला आणि 1915 मध्ये इंग्रजी भाषांतर. मजकूर हाती आला म्हणून कोणी हस्तलिखित निरुपयोगी ठरवले नाही. पुढे मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिचे पहिले खंड 1960 च्या दशकात आले, आणि त्यासाठी त्यांना छापील पाठापाशी न थांबता हस्तलिखितांच्या पाठभेदांकडे जावे लागले. उतरवलेला मजकूर उतरवणाऱ्याच्या प्रश्नापुरता असतो. उद्या वेगळा प्रश्न विचारला जाईल तेव्हा मूळ वस्तू लागते. खेळयंत्राच्या बाबतीत बटण किती दाबावे लागते, पडदा किती धूसर दिसतो, बोर्डाची आवृत्ती कोणती, तार कुठून कुठे जाते हे कोणत्याही उतरवलेल्या फाइलीत नसते.

मोठ्या संचांच्या बाबतीत तर ‘यंत्र’ म्हणजे नेमके काय हाच प्रश्न आहे. टी1000 सारखा संच त्याच्या केबलशिवाय, सोबतच्या संगणकावरच्या प्रोग्रॅमशिवाय, त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय मुका असतो. पीएस व्हिटाच्या संचांना तर मुदतबंद सक्रियण लागत असे. मुदत संपली की सुस्थितीतले यंत्रही काम नाकारते. म्हणून देखभालीच्या यादीत यंत्राइतकेच महत्त्व सीडी, परवान्याच्या फाइली, छापील सूचनापुस्तिका आणि संगणकाची हार्ड डिस्क यांना द्यायला हवे. भारतात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. मुंबईच्या ट्राइन गेम्सने ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ आणि हैदराबादच्या गेमशास्त्राने ‘देसी अड्डा’ हे खेळ 2010 च्या आसपास पीएसपीवर आणले. गल्लीतले क्रिकेट आणि विटीदांडू हातातल्या पडद्यावर आणण्याचे हे काम असल्याच साधनांवर झाले. पुण्यात 2008 पासून असलेल्या यूबीसॉफ्टच्या स्टुडिओचे सुरुवातीचे मोठे काम खेळांची गुणवत्ता तपासण्याचे होते, आणि असले काम चाचणी-संचांशिवाय होत नाही. भारतीय गेमनिर्मितीचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला तयार खेळांइतकीच या साधनांची गरज पडेल.

मालकीचा आक्षेप मात्र टाळता येत नाही, आणि तो टाळूही नये. विकास-संच सहसा विकले जात नाहीत. गोपनीयतेच्या करारासह ते वापरायला दिलेले असतात आणि त्यावर मालकी कंपनीची असल्याचे लेबल असते. काम संपले की ते परत करायचे किंवा नष्ट करायचे असतात. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 52(1)(कक) संगणक-प्रोग्रॅमची राखीव प्रत करू देते, पण ती सवलत कायदेशीर ताबेदारालाच आहे. म्हणून ताबा कसा आला याची कागदपत्रे हा तपासणीचा पहिला भाग ठरतो, आणि अनुक्रमांक खरवडलेला संच आला तर तेही तसेच नोंदवायचे. करारात परतफेडीचे बंधन असेल तर ते पाळायचेच, मात्र निर्मात्याची संमती मिळाली तर परत देण्याआधी छायाचित्रे, बोर्डाची आवृत्ती आणि कामाच्या तारखा स्टुडिओने स्वतःच्या दप्तरात ठेवाव्यात.

साठवणुकीचे नियम थोडक्यात. सापेक्ष आर्द्रता 40 ते 50 टक्के असावी. समुद्रसपाटीपासून सुमारे 770 मीटर उंचीवरच्या म्हैसूरला हे मुंबईपेक्षा सोपे जाते, तरी पावसाळ्यात सिलिका जेल बदलत राहावे लागते. मुंबईत खाऱ्या हवेमुळे सीलबंद पिशवी अपरिहार्य आहे. लिथियम बॅटरी निम्म्या चार्जवर, यंत्राबाहेर ठेवावी. बोर्ड हाताळताना एक मेगओहमचा रोधक असलेला मनगटपट्टा बांधावा. वर्षातून एकदा प्रत्येक संच उघडून बॅटरीचा कप्पा, कपॅसिटर, लेबल आणि पडदा पाहावा, आधीच्या वर्षीच्या छायाचित्राशी ताडून पाहावा आणि निष्कर्ष नोंदवहीत तपासणाऱ्याच्या सहीने लिहावा. काही बिघाड आढळला नाही तरी ‘बदल नाही’ असे लिहून तारीख टाकावी, कारण पुढे गळती सुरू झाली तर ती कोणत्या वर्षाच्या आत सुरू झाली हे ठरवण्याचा तेवढाच पुरावा असतो.