द्राक्षांचा वाढता-ओसरता मांडव

सारंगखेड्यास लाडवांसाठी बेदाण्यांचे देठ काढीत बसलो होतो. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, कापूस सोडून तापीकाठच्या शेतात द्राक्षबाग लावू का?" मी त्याला जगाची हकीकत सांगितली.

१८६० नंतर अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या किडीने मुळे पोखरून फ्रान्समधील बागाच्या बागा वाळविल्या. अखेर अमेरिकी वेलींच्याच खुंटांवर कलमे बांधून त्या सावरल्या. १९७० ते १९८० च्या दरम्यान जगातील लागवड सुमारे १ कोटी हेक्टरांवर पोहोचली. मग ओहोटी लागली. १९८५ च्या मद्यपानविरोधी मोहिमेत सोव्हिएत देशाने वेली उपटल्या. युरोपात दारूचा साठा खपेना, तेव्हा पैसे देऊन बागा काढविल्या. आज सुमारे ७१ लाख हेक्टर उरले आहेत. आपल्या नाशिक-सांगलीकडे मात्र मांडव वाढतच गेले. तेथेही क्षार व पाणीटंचाई सोसण्यासाठी डॉगरिज हा अमेरिकी खुंट आला.

"म्हणजे लावू नको?"

"लाव, पण निम्म्याच शेतात. किडीवर खुंट सापडतो रे. गिऱ्हाईक फिरले, तर हिरवी वेलही उपटावी लागते."

त्याने मूठभर बेदाणे तोंडात टाकले आणि तो हिशेबाची वही आणायला उठला.