दुधाची बाटली काय सांगते?

आज दूध म्हटले की डोळ्यांपुढे प्लॅस्टिकची पिशवी येते. परंतु १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते आरे येथील दुग्धशाळेचे उद्घाटन झाले, त्यानंतर कित्येक वर्षे मुंबईकरांच्या घरी दूध येई ते काचेच्या बाटलीतून. रिकामी बाटली द्यायची आणि भरलेली घ्यायची. ही पद्धत रूढ कशी झाली हे पाहण्यासाठी आपल्याला अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील पॉट्सडॅम या लहानशा गावी जावे लागते.

एकोणिसाव्या शतकात तेथील गवळी उघड्या कॅनमधून मापाने दूध घालीत. गावातील औषधविक्रेते डॉ. हार्वी थॅचर यांच्याविषयी एक कथा सांगतात. एका मुलीच्या हातातील मळकी चिंध्यांची बाहुली कॅनमध्ये पडली. गवळ्याने ती काढून झटकली आणि तेच दूध पुढे घालीत राहिला! कथा खरी असो वा नसो, १८८४ च्या सुमारास थॅचर यांनी दुधासाठी झाकणाची काचेची बाटली पुढे आणली, हे मात्र खरे. कल्पना अगदी नवी नव्हती. दुधाच्या काचेच्या बरणीचे एक पेटंट १८७८ चे आहे. पण बाटलीचा प्रसार झाला तो थॅचर यांच्या प्रयत्नानंतर. १८८९ च्या 'कॉमन सेन्स' बाटलीत तोंडाच्या आतल्या बाजूस एक खाच ठेवलेली होती. तीत मेण लावलेली पुठ्ठ्याची चकती दाबून बसवली की झाले. झाकण इतके स्वस्त की एकदा वापरून फेकून देता येई.

थॅचर यांच्या सुरुवातीच्या बाटलीवर गाईची धार काढणारा माणूस आणि 'अगदी शुद्ध दूध' ही अक्षरे उठावात होती. दूध खरोखरच शुद्ध होते का? काचेतून मलईचा थर दिसे. न तापवलेल्या दुधातील स्निग्ध कण हलके असल्यामुळे वर येतात. दूध तापवल्यावर धरणारी साय ती वेगळी. थर जाड असला की गिऱ्हाईक खूश. परंतु क्षयाचे किंवा विषमज्वराचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. बाटलीने बाहेरची धूळ अडवली, पण आजारी गाईकडून आलेले जंतू आतच राहिले. शिवाय बाटल्या घरोघर फिरत. म्हणूनच साथीच्या रोगाचा रुग्ण असलेल्या घरातून रिकाम्या बाटल्या नेण्यास आरोग्य खाती मनाई करीत.

या प्रश्नाचे उत्तर काचेत नव्हते, उष्णतेत होते. दूध ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे ठेवले की रोगजंतू मरतात. नेथन स्ट्रॉस यांनी १८९३ मध्ये न्यूयॉर्क शहरात गरिबांच्या मुलांसाठी पाश्चरीकृत दुधाचे केंद्र उघडले. १९०८ मध्ये शिकागो शहराने पाश्चरीकरणाचा कायदा केला. हळूहळू इतरत्रही तसे नियम आले.

येथेच लहान गावच्या डेअरीची गोष्ट वळण घेते. चार गाई आणि एक घोडागाडी एवढ्या भांडवलावर चालणाऱ्या डेअरीला पाश्चरीकरणाचे व बाटल्या धुण्याचे यंत्र परवडेना. काही डेअऱ्या मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या, अनेक बंद पडल्या. मुलांचे प्राण वाचवणाऱ्या सुधारणेची ही किंमत होती. पुढे कागदी खोके आले आणि बाटलीही मागे पडली.

उरल्या त्या संग्राहकांच्या फळीवरील बाटल्या. बाटली डेअरीच्या मालकीची. ती परत यावी म्हणून तिच्यावर डेअरीचे व गावाचे नाव असे. लहान डेअरीला स्वतंत्र साचा परवडत नसे. मग काचकारखाना सर्वांसाठी एकच साचा वापरी आणि त्यात फक्त नावाची पट्टी बदली. अशा बाटलीवर नावाभोवती पट्टीच्या कडेची बारीक रेघ दिसते. बुडाशी ओबडधोबड वर्तुळाकार व्रण असेल, तर ती बाटली १९०३ मध्ये तयार झालेल्या ओवेन्स यांच्या स्वयंचलित यंत्रानंतरची. नाव उठावात नसून रंगात छापलेले असेल, तर बाटली बहुधा १९३० नंतरची. चौकोनी आकार १९४० नंतर रूढ झाला, कारण अशा बाटल्या शीतकपाटात कमी जागा घेतात. दुसऱ्या महायुद्धात तर युद्धरोखे घेण्याची आवाहनेही बाटल्यांवर छापली गेली.

ज्या डेअरीची एक वहीही शिल्लक नाही, तिचे नाव, गाव आणि काळ अशा रीतीने एक बाटली सांगते. आपल्या गावातील जुन्या सोडावॉटरच्या, औषधाच्या किंवा दुधाच्या बाटल्या विद्यार्थ्यांना वर्गात आणायला सांगाव्यात. तोंड, बूड, जोडरेषा आणि अक्षरे पाहून बाटलीचे वय ठरवण्याचा प्रयत्न करावा. आणि एक प्रश्न जरूर विचारावा : 'शुद्ध' हा शब्द बाटलीवर लिहिला, म्हणून आतला पदार्थ शुद्ध ठरतो का?