पोकळीचा इतिहास आणि पंपावरचा माणूस

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमचे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयात अधिक झाले, आणि त्याहून अधिक कामगारांच्या तक्रारी ऐकताना झाले. तरीही आज निर्वात पंपाच्या इतिहासावर बोलण्याचे धाडस करतो, कारण त्यातला एक धडा आम्हांला फार उशिरा कळला.

आरंभ ओझरच्या विहिरीपासून करू. पाणी खोल गेले की काठावरचा पंप कितीही चालवा, पाणी चढत नाही. पंप विहिरीत खाली उतरवावा लागतो, हे येथल्या शेतकऱ्याला कोणी सांगावे लागले नाही. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. वास्तविक तो नळीतली हवा काढून जागा करून देतो. पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. तिच्या बळाला मर्यादा आहे. समुद्रकाठी ते पाणी सुमारे सव्वादहा मीटर चढवते. ओझर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच, म्हणून येथे हिशोब साडेनऊ मीटरच्या जवळपास येतो आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमीच पडतो.

हेच कोडे इटलीत पडले होते. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली. पुढे १६४४ च्या सुमारास टॉरिचेलीने पाण्याऐवजी जड पारा घेतला. तो नळीत सुमारे ७६० मिलिमीटरवर थांबला आणि त्याच्या वर राहिली ती पोकळी. मॅग्डेबर्ग शहराचा नगराध्यक्ष ऑटो फॉन गेरिके याने १६५० च्या सुमारास हवा उपसण्याचा पंपच बनवला. त्याने तांब्याचे दोन अर्धगोल जुळवून आतली हवा काढली, तेव्हा सोळा घोड्यांनाही ते सहज विलग करता येईनात. इंग्लंडात बॉईलसाठी १६५९ मध्ये पंप जुळवून दिला तो हूकने. नियमाला मात्र नाव बॉईलचे लागले!

ही पोकळी आपल्या गावाच्याही कामाची आहे. १९६४ मध्ये येथे मिग विमानांचा कारखाना उभा राहू लागला आणि शेतकऱ्यांची मुले यंत्रांकडे वळली. विमानातला उंचीमापक हवेचा दाब मोजून उंची सांगतो. जमिनीवर त्याची परीक्षा घ्यायची तर त्याच्याभोवतीची हवा काढून घ्यावी लागते. अकरा हजार मीटरची उंची दाखवायची असेल, तर पाऱ्याचा दाब सुमारे १७० मिलिमीटरपर्यंत उतरवावा लागतो.

परंतु या प्रगतीची किंमत कोणी दिली? १८६५ मध्ये श्प्रेंगेलने पाऱ्याच्या थेंबांनी हवा ओढून नेणारा पंप काढला. एडिसनचा विजेचा दिवा अशाच पंपाच्या आधाराने उजळला. पण दिव्यांच्या कारखान्यांत तो पारा हाताळणाऱ्यांना पाऱ्याची विषबाधा होई. दिवा उजळल्याचे साल मुलांना पाठ असते. हे कामगार कोणाला ठाऊक नाहीत.

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीच्या गेडेने फिरते पंप आणले. आज प्रयोगशाळेत असतो तो तेलाचा पंप त्याच कुळातला. पोलादी घरात मध्यापासून किंचित बाजूला बसवलेला गोल दांडा फिरतो, त्याच्या पात्या हवा पुढे लोटतात, आणि तेल फटी बुजवते, वंगण देते, उष्णता वाहून नेते. या पंपाचा शत्रू म्हणजे पाण्याची वाफ. दाबली की तिचे पाणी होते आणि ते तेलात मिसळते. यावर गेडेनेच १९३५ मध्ये उपाय काढला: एका छोट्या झडपेतून थोडी कोरडी हवा आत सोडायची, म्हणजे वाफ पाणी होण्याआधीच बाहेर पडते.

आता आमच्या पाहण्यातली गोष्ट. एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत ओले नमुने वाळवण्यासाठी असा पंप होता. त्याचे तेल दुधासारखे पांढरे झाले, पंप अडकला, आणि तो चालवणाऱ्या कामगाराच्या हाती कारणे दाखवा नोटीस पडली. चौकशीत आम्ही विचारले, “ही छोटी झडप कधी उघडायची?” त्या बिचाऱ्याला ती झडप कशासाठी आहे हेच कोणी सांगितले नव्हते. माहितीची पुस्तिका इंग्रजीत होती, आणि तीही साहेबांच्या कपाटात कुलूपबंद!

नोटीस मागे घेतली गेली. पण त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. बोनससाठी आम्ही वर्षानुवर्षे दारात उभे राहिलो. ही पुस्तिका मराठीत द्या, अशी मागणी एकदाही केली नव्हती. दोष एकट्या साहेबांचा कसा म्हणावा?

पुढे भिंतीवर मराठीत फलक लागला. सुरू करण्यापूर्वी काचेतून तेलाची पातळी पाहा. पंप आधी गरम होऊ द्या, मग भांडे जोडा. वाफ असेल तर छोटी झडप उघडी ठेवा. थांबवताना भांड्याची झडप आधी बंद करा आणि पंपात हवा येऊ द्या, नाहीतर तेल उलटे भांड्याकडे चढेल. तेल पांढरे वा काळे दिसले की बदला. बाहेर पडणारा तेलाचा धूर नळीने खोलीबाहेर न्या. छाती माणसाची आहे.

१९३५ चा शोध त्या टेबलापर्यंत पोहोचला तो त्या दिवशी. आमच्या मते शोधाची खरी तारीख तीच, ज्या दिवशी तो यंत्र चालवणाऱ्याच्या हाताला कळतो. तोवर तो कपाटातच असतो.