दोघांच्या साक्षीने

मृत्युपत्र हा एक विलक्षण दस्तऐवज आहे. ज्याने तो केला, त्याचा आवाज कायमचा थांबल्यानंतरच त्याला वाचा फुटते. 'हे शब्द त्याचेच कशावरून?' असा प्रश्न निघाला, तर उत्तर देण्यास तो स्वतः हजर नसतो. ते उत्तर साक्षीदाराला द्यावे लागते.

रोमन कायदा याबाबतीत कडक होता. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या कायद्याने लेखी मृत्युपत्रास साधारणतः सात साक्षीदार आवश्यक मानले. मरणशय्येवरील गरीब माणसाने इतके साक्षीदार आणायचे कोठून? ऑस्तियाच्या बिशपांच्या धर्मप्रांतातही सात किंवा पाच साक्षीदारांची प्रथा होती. बाराव्या शतकात पोप तिसरे अलेक्झांडर यांनी ती अमान्य केली. धर्मग्रामाचे धर्मगुरू आणि दोन वा तीन योग्य व्यक्ती यांच्यासमक्ष केलेले मृत्युपत्र ग्राह्य होय, असा निर्णय त्यांनी दिला. दोघा-तिघांच्या साक्षीने गोष्ट सिद्ध व्हावी, हे पवित्र शास्त्रातील तत्त्व त्यास आधारभूत होते. पोप नववे ग्रेगरी यांच्या १२३४ च्या संग्रहात हा निर्णय समाविष्ट झाला.

इंग्लंडमध्ये १६७७ च्या कायद्याने जमिनीच्या मृत्युपत्रास तीन-चार 'विश्वासार्ह' साक्षीदार मागितले. परंतु साक्षीदारालाच त्यातून काही मिळणार असेल, तर तो विश्वासार्ह कसा? या शंकेपायी अवघे मृत्युपत्र कोसळण्याची भीती असे. १७५२ मध्ये तोडगा निघाला: साक्ष टिकावी, लाभ रद्द व्हावा. १८३७ मध्ये साक्षीदारांची संख्या दोनवर आली.

हाच विचार १८६५ च्या कायद्याद्वारे भारतात आला आणि १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात स्थिरावला. कलम ६३ नुसार किमान दोन साक्षीदार लागतात. मृत्युपत्र करणाऱ्याने सही वा अंगठा केलेला प्रत्येकाने पाहिलेला असावा, किंवा ती सही आपलीच असल्याची कबुली त्याच्याकडून ऐकलेली असावी. आणि प्रत्येकाने त्याच्यासमक्ष सही करावी. दोघे एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे नाही. आतील मजकूर त्यांना ठाऊक असण्याचीही गरज नाही.

ख्रिस्ती कुटुंबांनी कलम ६७ विशेष ध्यानात ठेवावे. साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला दिलेली देणगी रद्द ठरते. मृत्युपत्र मात्र टिकते. घरातल्या घरात काम उरकावे म्हणून सुनेची सही घेतली, तर मुलाला दिलेला वाटाच जातो! शिवाय वाद न्यायालयात गेल्यास हयात व समर्थ असलेल्या किमान एका साक्षीदाराची जबानी लागते. मृत्युपत्राची नोंदणी झालेली असली, तरी ही अट सुटत नाही.

म्हणून साक्षीदार निवडावा तो निःस्वार्थी, शक्यतो आपल्याहून वयाने लहान, आणि बोलावताच येणारा. शेजाऱ्यासाठी सही करणे ही किरकोळ मेहेरबानी नव्हे. उद्या एखाद्या विधवेचे छप्पर त्या सहीवर टिकून राहील, आणि जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने खरे बोलण्याचे ते वचन असेल.